दोधूशेठची बायको

१ जानेवारी १९३९

‘शेठ’ ही दोन अक्षरं मला कितीला पडली त्याचा खरा हिशेब: एकवीस वर्षं, उजव्या करंगळीचं एक पेर (कापसातली सरकी काढायच्या जिनच्या पट्ट्यात गेलं), आणि पाठीतली एक कळ, जी थंडीत अजून उठते. खांडबाऱ्याच्या स्टेशनावर कापसाच्या गासड्या वाहायचो तेव्हा ‘ए दोध्या’. काट्यावर बसलो तेव्हा ‘दोधू’. स्वतःचं जिन उभं केलं तेव्हा ‘दोधूशेठ’. नाव फुकट मिळत नाही. कमवावं लागतं.

ही डायरी सुरतेच्या व्यापाऱ्याने दिली. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. नव्या वर्षाचे निश्चय: पहाटे पाचला उठणे. चहा दोनच वेळा. स्त्रियांना पुढे आणणे.

तिसरा निश्चय मोठा आहे. सविस्तर नंतर.

(आज उठलो साडेसातला. थंडी फार.)

३ जानेवारी

सविस्तर.

फेब्रुवारीत ग्रामपंचायतीचं इलेक्शन. सात जागा, त्यातली एक नव्या नियमाने बाईची. गावात हसून हसून पुरेवाट. आमचा मुनीम भिला म्हणतो, बाई शेजारी बसली तर विडी कशी ओढायची. मी हसलो नाही. मी मोजलं. सहा पुरुष बिनविरोध ठरल्यात जमा आहेत. मला धरून तीन माझे, तीन खालच्या आळीचे. म्हणजे सातवी जागा ज्याची, पंचायत त्याची.

आणि पंचायतीपुढचं पहिलं काम मला ठाऊक आहे. माझ्या जिनला लागून पंचायतीची एक खोली आहे. तीत नर्मदाबाई पोरींची शाळा भरवते. अठरा पोरी, पाट्या, पाढे. इकडे मला कापूस ठेवायला जागा नाही. पोरी काय, झाडाखालीसुद्धा शिकतील. कापूस झाडाखाली ठेवता येत नाही.

म्हणून बाईच्या जागेवर माझी बायको अनुसया उभी राहील. ती बसेल, मी खाकरलो की हात वर करील.

यात स्वार्थ आहे असं कोणी म्हणेल. स्वार्थ आणि उन्नती एका गाडीला जुंपली तर गाडी पळते, हे त्यांना कळत नाही.

भिलाला लिहून दिलं: या गावात मत देणारी पहिली बाई दोधूशेठच्या घरातली असेल. सही केली.

५ जानेवारी

अनुसयेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, तिथं बोलावं लागेल का. म्हटलं, मुळीच नाही. मग मी कशाला, म्हणाली. शिक्षण नसलं की असं होतं.

खालच्या आळीकडून नर्मदाबाई स्वतः उभी राहणार असं कानावर आलं. कान माझे तिखट. जिन चालू असताना कुठला पट्टा सैल झाला ते मी ओट्यावर बसून सांगतो.

नर्मदाबाई म्हणजे विधवा, बारा एकर, स्वतः कसते. तिने पेरणीला पहिल्यांदा पाभर धरली तेव्हा गाव म्हणालं की आता दुष्काळ पडणार. पीक आलं. तेव्हा गाव म्हणालं की जमीनच चांगली होती. चार वर्षं झाली, स्वतः बैलगाडी हाकत म्हसावदच्या बाजाराला जाते; या भागात असं करणारी पहिलीच बाई. माझ्याकडे कापूस घालते तेव्हा समोर उभी राहून काट्याची जीभ बघते. पापणी हलत नाही. माहेरी चौथीपर्यंत शिकली, त्या जोरावर पोरींना शिकवते, तेही पगार न घेता. पगार न घेणाऱ्या माणसाचा काय भरवसा?

पहाटे उठणे: उद्यापासून.

९ जानेवारी

मतदारांच्या यादीचं गंमतशीर प्रकरण.

गेल्या पोळ्याच्या सुमारास कारकून बायकांची नावं घ्यायला आला होता. दारोदार हिंडून दमेल म्हणून मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि अख्ख्या वरच्या आळीतल्या चौसष्ट बायका एका बैठकीत सांगून टाकल्या. परक्याच्या बायकोचं नाव आपण उच्चारणं शोभत नाही, म्हणून: भिलाची बायको. शांतीलालची आई. छगनची थोरली सून. छगनची धाकटी सून. माझ्या घरची, दोधूशेठची बायको आणि दोधूशेठची फुई, म्हणजे माझी आत्या. कारकून म्हणाला, पण नावं? म्हटलं, लिहा हो, ही नावंच आहेत.

आता तालुक्याहून हुकूम आला. अशा सगळ्या नोंदी लाल शाईने खोडणार. पंचवीस तारखेच्या आत प्रत्येकीने स्वतःचं नाव द्यावं.

नर्मदाबाई वही घेऊन घरोघर फिरते आहे. भिला घाबरला. मी म्हटलं, फिरू दे. पायपीट तिची, मतं आपली.

१४ जानेवारी, संक्रांत

आजची शक्कल माझ्या आयुष्यातली उत्तम म्हणावी लागेल.

बायकांची मिटिंग घ्यायची होती. मिटिंग म्हटली असती तर नर्मदाबाईही येऊन बसली असती. म्हणून हळदीकुंकू ठेवलं. विधवा बाई आपोआप बाहेर. कुणाला ‘येऊ नको’ म्हणायची वेळ आली नाही, कुणाचं मन दुखावलं नाही.

दाराआडून मी समानतेवर स्पीच केलं. स्त्री आणि पुरुष ही संसाराच्या गाडीची दोन चाकं वगैरे. नंतर नाव घेणं झालं. अनुसयेला आग्रह झाला तेव्हा तिने घेतलं:

“तापीना थडीवर केळीस्ना बाग, दोधूशेठनं नाव लेस, नका धरू राग.”

ठीक होतं. राग कसला ते कळलं नाही.

एक गोष्ट खटकली. तिळगूळ घेऊन बायका घरी जायच्या, त्या गेल्या शाळेच्या खोलीत. मी जिनमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो. सहजच. नर्मदाबाईचा आवाज आला: “धनीनं नाव लिधं ना? आते सोतानं ल्या.”

मग एक जण हसली, आणि सगळ्याच हसत सुटल्या, पोरी हसतात तशा. मग एकेक नाव. गासड्या मोजताना हमाल आकडा पुकारतो ना, तसं. जसोदा. रंजना. धनू. प्रत्येकीच्या आधी थोडं थांबणं, जसं काही आठवावं लागतंय. माझी फुई, सत्तरीची, जिला जन्मभर सगळं गाव फुईच म्हणतं, ती फार वेळ थांबली. मग म्हणाली, “गजरा.” नंतर रडली की खोकली ते कळलं नाही. भिंत जाड आहे.

फुईनंतर कुणीतरी हळू आवाजात नाव सांगितलं. तेवढ्यात भिलाने जिन चालू केलं.

१८ जानेवारी

अनुसयेला म्हटलं, जा, नर्मदाबाईच्या वहीत नाव देऊन ये. तिने विचारलं, कोणतं. मला हसू आलं. नावं काय डझनभर आहेत तुला? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘अनुसया’ लिहिलं ते मी. (हात भटजीने धरला होता. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं.) माहेरचं काहीतरी होतं म्हणा. सत्तावीस वर्षांत त्याची गरज पडली नाही.

गेली. उशिरा आली. बोटं पांढरी. म्हटलं, हे काय. म्हणाली, पीठ.

हल्ली रोज दुपारी देवळात जाते आणि येताना बोटांना पीठ असतं. देवळात कसलं पीठ? बहुधा वाटेत गिरणीवर थांबत असेल. गिरणीवाला पीठ फार बारीक दळतो, अगदी खडूसारखं. त्याला बोललं पाहिजे.

चहा: पाच वेळा. पाहुणे होते.

२८ जानेवारी

फॉर्म भरला. माझ्या अक्षरात. “अनुसयाबाई कोम दोधू.” कोम म्हणजे बायको. कचेरीच्या भाषेत बाईचं नाव संपलं की कोम येतो आणि कोम आला की नवरा. पद्धत छान आहे. बाई हरवत नाही.

शिवाय सावधगिरी म्हणून फुईचाही फॉर्म भरून ठेवला. डमी. हुशार माणूस विहिरीत दोन दोर सोडतो.

अनुसयेला फॉर्मवर अंगठा करायला सांगितलं. ती अंगठ्याकडे बघत बसली. म्हणाली, सही केली तर? म्हटलं, येते का तुला? मीच तिचा अंगठा धरून शाईत टेकवला.

४ फेब्रुवारी

तालुक्याला फॉर्मची तपासणी. डोकं तापलं आहे. क्रमाने लिहितो.

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. अनुसयाबाई कोम दोधू अशी बाई यादीत नाही. फॉर्म रद्द. मी म्हटलं, असं कसं, मी स्वतः तिला नाव द्यायला पाठवलं. त्यांनी यादी माझ्यापुढे केली. ‘दोधूशेठची बायको’ लाल शाईने खोडलेली. आणि खाली, नव्या नोंदींत: “१८७. सिंधुबाई कोम दोधू. वय ४१.”

सिंधुबाई!

क्षणात सगळं ध्यानात आलं. हा नर्मदाबाईचा डाव. अनुसयेचं नाव गाळायचं, आणि गावभर करायचं की दोधूशेठने दुसरी बाई ठेवली आहे. राग आला. (खरं लिहायचं तर मिशीवरून एकदा हातही फिरला. सत्तेचाळिसाव्या वर्षी लोक असं मानतात म्हणजे काहीतरी आहे.)

तिथेच कागद मागून हरकत लिहिली: “सदर नावाची बाई माझ्या घरात नाही व कधी नव्हती. नोंद खोटी आहे. खोडावी.” खाली सही, शेठसकट. साहेब म्हणाले, एकदा घरी विचारून या, घाई नाही. मी म्हटलं, साहेब, माझ्या घरात कोण आहे हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल? त्यांनी आणखी एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. नवराच म्हणतोय म्हटल्यावर नाव खोडलं.

संध्याकाळी अनुसयेला सगळं हसत हसत सांगितलं. सिंधुबाई म्हटल्यावर तिचा हात पिठात थांबला. “ती बाई…” असं काहीतरी बोलायला लागली. मी म्हटलं, जिवाला लावून घेऊ नको, काढून टाकली तिला. तव्यावरची भाकरी करपली. सत्तावीस वर्षांत पहिली.

मत्सर. या वयातही. बघून बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी

आता डमी तीच खरी. फुईसाठी प्रचार. फुईला समजावलं की दोन पेट्या असतील, लाल तिची, पिवळी नर्मदाबाईची. फुईने विचारलं, पेटीवर बसायचं का. कान गेलेत तिचे. ते सोईचंच आहे. पंचायतीत माझं खाकरणं ऐकू यावं म्हणून तिला शेजारी बसवीन.

चार पानांचं स्पीच लिहिलं. “आपल्या गावातली पहिली बाई पंच, आद्य गजराबाई.” भिलाने चौकात वाचलं. ‘आद्य’ला ‘अद्या’ वाचलं, पब्लिक भलत्या जागी हसलं. माझ्याकडे कापूस घालणाऱ्या दिलवरसिंगने मागून विचारलं की फुई पंच झाली तर तुम्ही तिचे भाचे की तिचे मालक. पुढच्या आठवड्यात त्याचा कापूस ओला निघतो की नाही बघतो.

नर्मदाबाई येऊन फुईच्या पाया पडली. म्हणाली, फुई, तू निवडून येवो नाहीतर मी, पाटी घेऊन वर्गात ये. फुई दिवसभर खूश. विरोधी माणसाने असं वागणं बरोबर नाही.

२६ फेब्रुवारी, मतदान

पहाटे पाचला उठायचं नक्की होतं. उठलो सातला. घरात चूल थंड, अनुसया नाही. देवळात गेली असेल.

चावडीपुढे आलो तो ही रांग. बायकांची वेगळी. लुगड्यांचे रंग पार वडापर्यंत. मी लिंबाखाली भिलाशेजारी उभा राहिलो, तिथून दारातून कारकुनाचं टेबल आणि बाईची पाठ तेवढी दिसते, ऐकू मात्र सगळं येतं.

नियम असा की बाईने स्वतःचं नाव सांगायचं आणि नवऱ्याचं. मी भिलाला म्हटलं, बघ, इथेच सगळ्या अडकतील. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय तोंडातून निघणार नाही. पाच मिनिटांत रांग मोकळी.

आठ वाजले. दार उघडलं. पहिली बाई आत गेली. कारकुनाने विचारलं. आणि तिने सांगितलं, मोठ्याने, न अडखळता:

“मन्हं नाव सिंधुबाई. मालकनं नाव दोधू.”

आवाज ओळखीचा वाटला. भिला माझ्याकडे बघायला लागला. मी वडाकडे बघितलं.

कारकून म्हणाला, बाई, हे नाव खोडलेलं आहे. हरकत आली होती. ती म्हणाली, “कोनी हरकत?” कारकुनाने कागद काढला आणि वाचून दाखवला. सदर नावाची बाई माझ्या घरात नाही व कधी नव्हती. खालचं नावही वाचलं, शेठसकट.

शंभरावर बायका उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

मग ती म्हणाली, “मले लिखता येस. लिखी दखाडू?” कारकून म्हणाला, बाई, लिहिण्याचा प्रश्न नाही. भला माणूस होता, खाली बघून बोलला. तरी तिने त्याच्या टेबलावरची पेन्सिल घेतली, कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं, पेन्सिल जागेवर ठेवली आणि बाहेर आली. माझ्यासमोरून गेली. पदर नीट, चाल नेहमीची.

मागून दुसरी आत गेली. तिने स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. मग तिसरी. भिलाची बायको तर ‘भिला’ इतक्या जोरात म्हणाली की भिला शेजारून ‘ओ’ म्हणाला. एकही अडकली नाही.

कागद मी नंतर पाहिला. ‘सिंधु’. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

दुपारी

जेवायला वाढलं तिने. मी स्पष्ट म्हटलं, चूक तुझी आहे. वेळीच सांगायला काय झालं होतं? इतके दिवस त्या खोलीत जाऊन लिहायला शिकलीस, तेही लपवलंस. म्हणे पीठ.

ती म्हणाली, “सांगाले लागनी व्हती. तुम्ही आयकं नही.”

माझे कान तिखट आहेत हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मी भाकरी मागितली. तिने वाढली.

२७ फेब्रुवारी

मोजणी. नर्मदाबाई एकशे एकाहत्तर. गजराबाई एकोणपन्नास.

फुईला म्हटलं, पडलीस तू. फुई म्हणाली, बरं झालं, मीही पिवळ्या पेटीतच टाकलं. मला ऐकू येत नाही, मी पंचायतीत काय करणार? भिलानेही पिवळीतच टाकलं असावं; विचारलं तर बायकोकडे बघतो.

तरी एकूण विचार करता विजय माझाच. स्त्रियांना पुढे आणणे हा निश्चय होता. आल्या.

५ मार्च

पंचायतीची पहिली मिटिंग. नर्मदाबाई तालुक्यातली पहिली बाई पंच, असं साहेब म्हणाले. फोटो काढायला कुणी आलं नव्हतं.

मर्यादा म्हणून तिची खुर्ची मी ओट्यावर ठेवायला लावली, दाराबाहेर. आत सहा पुरुष. वही बाहेर पाठवायची, तिने सही करून आत द्यायची. खालच्या आळीच्या तिघांनाही हे पटलं. निवडून येण्यापुरते ते तिचे होते.

ती आली. खुर्ची बघितली. खुर्ची उचलून बरोबर उंबऱ्यावर ठेवली आणि बसली. आत नाही, बाहेर नाही. दार लावता येईना. आतलं सगळं बाहेर ऐकू जायला लागलं आणि ओट्याखाली बायका येऊन बसल्या.

खोलीचा विषय निघाला. मी जिनची अडचण मांडली. तिने अठरा पोरींची नावं वाचली, बापाच्या नावासकट आईचंही. मग म्हणाली, एकोणिसावं नाव सिंधुबाई, तिला अजून काना-मात्रा पक्की करायची आहे. मी खाकरलो. सवयीने.

हात वर झाले. ओट्याखालच्या बायकांकडे बघत खालच्या आळीचे तिघे तिच्या बाजूने: चार विरुद्ध तीन. खोली शाळेचीच. उंबऱ्यावरच्या खुर्चीला मात्र कुणी आत बोलावलं नाही. मिटिंग संपेपर्यंत ती तिथेच होती, अर्ध्या उन्हात.

१८ मार्च

घरात बोलणं कमी आहे. कामापुरतं. दुपारी ती पाटी घेऊन समोरच्या दाराने जाते. देवळाचं नाव काढत नाही. मी हाक मारली ‘अनुसया’, तर येते, येत नाही असं नाही. पण आधी हातातलं काम पुरं करते.

ठरवलं, मोठ्या मनाने चूक दुरुस्त करायची. उद्या तालुक्याला जाऊन हरकत मागे घेतो. तिला सांगणार नाही. एकदम यादीच आणून पुढे ठेवीन. खूश होईल. नवे निश्चय: पहाटे उठणे. चहा दोनच.

१९ मार्च

गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, हरकत मागे घेता येते, नाव परत घालता येत नाही. नवी यादी तीन वर्षांनी. तेव्हा बाईंनी स्वतः यावं.

निघताना कारकुनाला गावातल्या मतदानाचे आकडे विचारले. त्याने वही उघडली. मत दिलेल्या बायका एकशे अठरा. दारातून परत पाठवलेली एक, ती माझ्या घरातली.